पिठातली रेघ

बायको गेली तेव्हा मी घरी नव्हतो. परगावी गोल्फ खेळत होतो.

चौथीत शाळा सोडली, दर्यापूरहून नागपूरला पळालो. साहेब लोकांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहिल्या, त्यांचं पाहून शिकलो आणि पुढं तीस वर्षं त्याच खेळावर घर चालवलं. मोठा कप एकही नाही. आता राहतो त्या अमरावतीच्या राजापेठेत लोक अजून विचारतात, "काका, तो काठीचा खेळ चालू हाये का?"

म्हाताऱ्या खेळाडूंची स्पर्धा होती. बायको अमरावतीच्याच दवाखान्यात. फोनवर म्हणाली, "खेळून या. मी काई पळून नाही चालली." दुसऱ्या दिवशी गेली.

पोचलो तर तिला घरात आणून निजवलेलं. अकोल्याहून आलेला तिचा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "जवाईबापू, मरतानी ते दाराकडे पाहून राहिली होती. आन् तुमी तिकडे चेंडू मारून राहिले."

खरंच होतं. ती रागातच गेली का, एवढंच मनात सलत राहिलं.

आमच्याकडे गेलेल्या माणसाला जिथं निजवलं तिथं, अग्नी देऊन आल्यावर, संध्याकाळी पीठ पसरतात आणि वर टोपलं उपडं घालतात. सकाळी पिठात ज्याची खूण दिसेल, त्याच्या जन्माला ते माणूस गेलं असं धरतात.

सकाळी साळ्यानं टोपलं उचललं. पिठात एकच रेघ होती. मोरीच्या बाजूनं निघून खोलीकडे चढलेली, शेवटी जराशी डावीकडे वळलेली.

"नागीण हाये," तो म्हणाला. बायांनी हात जोडले.

मी वाकून पाहिलं. रेघेत बारीक बारीक उंचवटे होते, गोल्फच्या चेंडूच्या अंगावरचे खळगे उमटावेत तसे. दव पडलेल्या गवतावर चेंडूची वाट मी आयुष्यभर पाहिली आहे. पण टोपल्याखाली चेंडू नव्हता. आणि आमच्या घराचा उतार मोरीकडे आहे. सोडलेला चेंडू तिकडंच जातो, वर चढत नाही.

मी घरात सराव करायचो तेव्हा ती मोरीपाशी भांडी घासायची. आलेला चेंडू ओल्या हातानं मला परत ढकलायची.

सगळे चहाला बाहेर गेले. मी मोरीपाशी तिच्या जागेवर बसलो. पिठाच्या शेजारून चेंडू जोरात ढकलला. सरळ गेला. पुन्हा जोरात, पुन्हा सरळ. मग हळूच ढकलला, पोचेल न पोचेल असा. तो चढला आणि शेवटी डावीकडे वळला, रेघेसारखाच.

रागानं ढकललेला चेंडू वळत नाही. त्याला फरशीचा आडवा उतार कळतच नाही. हळू सोडलेलाच वळतो.

साळा आत आला. "काहून बसले तिथं? उचला ना पीठ."

"राहू दे," म्हटलं, "तिचा हात हाये त्याच्यात."

तो चप्पल काढून, पिठाला वळसा घालून आत गेला.