सात काचपट्ट्या

मी सिव्हिल इंजिनिअर माणूस. भिंतीला तडा गेला तर ओल शोधणार, भूत नाही. गावी कुणाच्या अंगात आलं की मी खुशाल चहा मागवायचो. त्यामुळे हसायचं तर हसा... पण हे माझ्याच बाबतीत घडलंय, आणि चूकही माझीच आहे, म्हणून इतकी वर्षं कुणाला बोललो नव्हतो.

साल २००६. राहायला भाईंदर पूर्वेला, नोकरी एका कन्सल्टंटकडे. एका एअर फोर्स स्टेशनवर (नाव मुद्दाम टाळतोय) महायुद्धाच्या काळातला जुना कंट्रोल टॉवर होता. तो जपायचा की पाडायचा, हे आमच्या रिपोर्टवर ठरणार होतं. अशा वेळी भिंतीच्या तड्यावर काचेची पट्टी आडवी, प्लास्टरने चिकटवतात, वर तारीख लिहितात. तीन महिन्यांनी काच अख्खी असेल तर भिंत ठीक. फुटली तर भिंत अजून सरकतेय. मी अशा सात पट्ट्या लावल्या.

टॉवरची राखण तारोडी गावचे पास्कू काका करायचे. वीस वर्षं रोज स्वतः झाडू मारत होते. "यो पडनार न्हाय, बाबा. तू फकस्त नीट लिव," म्हणायचे.

तीन महिने भरले ते नेमके गणपतीच्या तोंडावर. रत्नागिरीची तिकिटं काढलेली, त्यात गेट-पासची कटकट... कोण जाणार? आणि अख्ख्या लिहिल्या तर खात्रीसाठी अजून तीन महिने फेऱ्या! गणपतीच्या दोन दिवस आधी घरी बसूनच लिहून टाकलं — सातही फुटल्या. खाली सही ठोकली.

गावाहून आल्यावर टेप काढायला साइटची बॅग उघडली. बॅग कपाटात कुलपात होती, चावी माझ्याच खिशात. आत सात काचपट्ट्या. अख्ख्या! टोकांना प्लास्टर, वर माझ्याच अक्षरात तारीख. अहो, चिकटवलेली काच न फुटता निघतच नाही!

टॉवर तेव्हा उभा होता. एक फोन केला असता तर वाचला असता. पण माझी खोटी सही उघडी पडली असती, नोकरी गेली असती. मूग गिळून बसलो. दिवाळीनंतर टॉवर पाडला.

मग मात्र राहवेना. एका रविवारी काचांसकट ती बॅग घेऊन तारोडीला गेलो, सगळं कबूल करायचं ठरवून. काकांनी बसवलं, चहा दिला. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "गनपतीच्या दोन दिस आदी बगतो त काचा न्हाय. साती न्हाय. भ्यालो, कोनाला सांगलं न्हाय. माज्याच झाडूनं पडल्या असतील काय रं? माज्यामुलं पाडला काय त्यो?"

काचा भिंतीवरून बॅगेत कशा आल्या, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर जरूर लिहा.

पण काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. बॅग मांडीवरच होती, हात चेनवर होता...

मी म्हणालो, "असतील, काका."