पॅडातली शीळ

आधी आत्यांचं सांगतो, त्या माणसाचं मागून.

आत्या दौंडच्या. रेल्वेच्या टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या, रुळांपलीकडच्या चाळीत एकट्या राहणाऱ्या. माझं त्यांचं रक्ताचं नातं नाही. नववीतून शाळा सोडून भंडाऱ्याकडून इकडं पोटाला आलेल्या माणसाला त्यांनी घरात बसवलं, आणि परदेशी गेलेल्या मुलाच्या पेटीतून एक तुकडा काढून त्याच्या हातात ठेवला. एवढंच केलं त्यांनी. त्या एवढ्याशावर मी इथं टिकलो.

रांजणगावच्या एका कंपनीत मी कंत्राटावर होतो. सुटीच्या दिवशी शिरूरच्या, लग्नावरातीत वाजवणाऱ्या एका बेंजो पार्टीबरोबर टेम्पोवर जायचो. आधी स्पीकर चढवायचो, मग पॅड वाजवायला लागलो. पॅड म्हणजे रबरी चौकोन. काठी मारली की आत भरून ठेवलेला आवाज निघतो. पार्टीचा मालक बेंजो चांगला वाजवायचा, हे मी आजही नाकारत नाही. पण मी तोंड उघडलं की त्याला चेव यायचा. मी "मले" म्हटलं रे म्हटलं की टेम्पोवर सगळ्यांना ऐकू जाईल असं तो विचारायचा, "तुले काय पायजे? भात?" आम्ही भंडाऱ्याकडचे भातखाऊ, म्हणून सगळे हसायचे. मीपण हसायचो. परमुलखात हसून घेतलेलं बरं असतं.

दौंडला एका हळदीच्या वेळी आमचा टेम्पो आत्यांच्या चाळीपुढं थांबला. आत्या पदर खोचून खाली आल्या.

"पॅड कोण वाजवतंय?"

मला वाटलं, तक्रार आहे. हात पुसत पुढं झालो.

"हात बरा हाय तुझा. आवाज फालतू हायेत. वर ये."

वर टेबलावर एक लाकडी पेटी होती. आत पत्र्याच्या पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या, प्रत्येकीवर खुंट्या आणि भोकं, आणि एका भोकातून दुसऱ्यात गेलेल्या रंगीत वायरी. याला मॉड्युलर सिंथ म्हणतात, हे मला तिथं कळलं. "आमच्या एक्स्चेंजमधी असंच होतं," आत्या म्हणाल्या. "हिकडची वायर तिकडं लावली की माणसं बोलायची. हितं आवाज बोलत्यात." मुलगा गेल्यावर पेटी पडून होती. धूळ पुसता पुसता त्या शिकल्या होत्या.

फिल्टरची पट्टी त्या पेटीत सगळ्यात अरुंद, दोन बोटांएवढी. आत्यांनी मला तो चाळणीसारखा समजावला. आवाज आत घालायचा, नको ते वेगळं करायचं. त्यावरचं बटण एका जागी ठेवलं की फक्त जाडे सूर राहतात, दुसऱ्या जागी बारीक, तिसऱ्या जागी मधलेच. आणि चौथ्या जागी ठेवलं की नेमकी सुरांची एकच पट्टी गायब, बाकी सगळं तसंच. शेजारी मोठी खुंटी, कुठली पट्टी ते ठरवायला. आणि तिच्याखाली रेझोनन्सची छोटी. ती पुरती फिरवली की आत काहीही न घालता फिल्टर स्वतःच गायला लागतो. एकच स्वच्छ सूर, शिळेसारखा.

मी मोठी खुंटी फिरवत फिरवत एका जागी थांबलो. कंपनीत जाता-येता ऐकलेली, निमोण्याकडच्या माळावर म्हातारी माणसं मेंढरं वळवताना घालतात, तसली शीळ. आत्यांनी डोळे मिटले. मग त्या जागी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. फिल्टर पेटीतून काढला, छोट्या डब्यात बसवला, त्याला वीज आणि आवाज चालू-बंद करणारं बटण जोडून मला दिला. "धुळीपासून जप," म्हणाल्या.

मी टेम्पोवर ती शीळ वाजवायला लागलो. फुई, फुई, ढोलाच्या मधल्या जागेत. एरवी नाचणाऱ्यांकडं न बघणारे आबा-आप्पा माना वर करायचे. ज्यांच्या घरची मेंढरं कधीच विकली गेली आणि आता वावरात ऊस उभा आहे, ती माणसं पुढं यायची. पोरं ओरडायची, "शीळ लाव." पार्टीच्या सुपाऱ्या वाढल्या.

मालकानं ती शीळ पॅडात भरून घेतली. भरताना मीच वायर धरली होती. मला वाटलं, डब्याला धूळ लागायला नको म्हणून चाललंय. पुढच्या सुटीला टेम्पोपाशी गेलो, तर माझ्या जागी त्याचा मेव्हणा बसलेला.

"आता तू कशाला?" मालक म्हणाला. "शीळ पॅडात हाय. तू जा, भात खा."

मी डबा काखेत मारला. पाठ फिरवली तेव्हा मागून माइकवर त्याचा आवाज आला. तो गाववाल्यांना सांगत होता, ही शीळ माझ्या डोक्यातून आली, आमच्या आज्याची आठवण. मला ते काढून टाकणं सोसलं असतं. तो आजा नाही सोसला. शीळ मी शोधून काढली होती, हे सगळ्या मुलखात फक्त तीन माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातला एक खोटं बोलत होता.

त्या दिवसापासून मी त्याला गाठायच्या संधीची वाट बघत राहिलो. शिरूरच्या एका साउंडवाल्याकडं मिक्सर सांभाळायला लागलो. झोपताना त्याचं तोंड आठवायचो, म्हणजे राग शिळा होणार नाही.

संधी एका वाडीच्या जत्रेत आली. आमच्याकडं जत्रेत दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या करतात आणि गाव ठरवतं कोण भारी. पण दोन बाजूंनी स्पीकरच्या भिंती लागल्या की पोलीस येतात. म्हणून त्या वर्षी कमिटीनं ठरवलं, साउंड एकच. दोन्ही पार्ट्यांनी पाळीपाळीनं त्यावरच वाजवायचं. मिक्सर आमच्या साउंडवाल्याचा आणि मिक्सरवर मी. एक पार्टी न्हावऱ्याची. दुसरी माझ्या जुन्या मालकाची.

मी एसटीनं दौंडला गेलो.

"आत्या, सूड घ्यायचाय."

त्यांनी चहा गाळला. "फिल्टरनं?"

"चौथ्या जागी ठेवून. त्याच्या पॅडाच्या लाइनीत घालतो. शीळ तेवढी गायब."

"आन् बेंजो?"

"त्याला हात नाही लावणार."

"व्हय. बेंजो त्याचा हाय. तुझं हाय तेवढंच काढ. उगं जास्त चाळलंस तर तू आन् तो सारखेच." मग हसल्या. "ठिपका हाय की. बरोब्बर तिथंच ठेव."

जत्रेच्या दिवशी दुपारी ऊन असं होतं की मिक्सरचा पत्रा हाताला भाजत होता. फिल्टर पॅडाच्या लाइनीत बसवला, तो स्वतः गाऊ नये म्हणून रेझोनन्स खाली घेतला, बटण चौथ्या जागी, मोठी खुंटी ठिपक्यावर. त्याची पाळी आली. त्यानं माइकवर आपला आजा काढला, मेव्हण्याला खूण केली. मेव्हण्यानं काठी मारली.

फुई.

शीळ ठणठणीत आली. खुंटी तर ठिपक्यावरच होती. लोक ओरडले. मालकानं मिक्सरकडं बघून दात काढले. मला वाटलं, त्याला सगळं कळलंय.

मग कळलं. शीळ भरली तेव्हा थंडीतली सकाळ होती. आता फिल्टर उन्हात तापला होता आणि त्याची पट्टी सरकली होती. ठिपका खरा होता, पण थंडीपुरता. मी हेडफोन घट्ट दाबला आणि कानानं शोधायला लागलो. काठी पडत होती. शीळ जराशी बारीक झाली, परत फुगली, परत बारीक. केसाएवढं फिरवलं. आणि ती गेली.

मेव्हण्यानं मारलं. नुसती काठीची थप. परत मारलं. थप.

बेंजो चालू होता, छान चालू होता, आणि मधल्या जागेत काही नव्हतं. पुढं बसलेल्या एका आबांनी शेजारच्याला विचारलं, "मेंढरं पळाली का काय?"

"वळवायला कोण न्हाई वाटतं."

हशा पसरत गेला. मालकानं मेव्हण्याच्या हातातली काठी घेऊन स्वतः मारली. थप. "तुझ्या आज्याला दम लागला रं," कुणीतरी म्हणालं.

न्हावऱ्याच्या पार्टीची पाळी आली. त्यांना मी आधीच विचारून ठेवलं होतं. फिल्टर चौथ्या जागेवरून काढला, रेझोनन्स पुरता उघडला, डब्याचं बटण दाबलं. फुई. माना वर झाल्या, पण या वेळी मिक्सरकडं वळल्या. पॅड नाही, काठी नाही. दोन बोटांचा पत्रा आणि मी.

मालक खाली उतरून माझ्याकडं आला.

"काय केलंस तू?"

"मले माझं पायजे होतं," मी म्हणालो. "घेतलं."

त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती. ती मला अजून आठवते आणि अजून गोड वाटते. लोक म्हणतात, सूड घेतल्यावर रितं वाटतं. मला नाही वाटलं. मी त्या दिवशी पोटभर जेवलो.

आत्यांना काय सांगायचं ही धाकधूक नंतर सुरू झाली. फिल्टरच्या खुंट्यांत जत्रेचा गुलाल गेला होता. ब्रशनं किती साफ केला, तरी मोठी खुंटी फिरवताना आता जरा खरखरते. परत द्यायला दौंडला गेलो, तर आत्यांनी घेतला नाही. "तुझा कान त्याला लागलाय, ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. त्यांच्या पेटीत फिल्टरची जागा अजून रिकामी आहे. धूळ जाऊ नये म्हणून तिथं कॅलेंडरचा पुठ्ठा कापून लावलाय.

आत्या, तो पुठ्ठा मी काढीन. एक दिवस तिथं नवाकोरा फिल्टर माझ्या हातानं बसवीन, आणि ठिपके दोन देईन, एक थंडीचा, एक उन्हाचा.