बर्फातला कॅच आणि ताईचा गुडघा

खेळणाऱ्या मुलीचा गुडघा कुणाच्या मालकीचा असतो? तिच्या, तिच्या आईबापाच्या, की उद्या ती ज्या घरात नांदायला जाणार त्या घराच्या? उत्तर द्यायची घाई करू नका. आमच्या घरानं ती केली होती.

माझी ताई खो-खो खेळायची. आमच्या धाराशिव जिल्ह्याला खो-खोचं वेड आहे, हे सांगायला नको. ताई राज्याच्या संघात गेली आणि दुसऱ्याच मोसमात खांबाला वळताना तिच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. सोलापूरला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, व्यायाम नीट केला तर पुन्हा खेळेल. आई म्हणाली, झालं तेवढं पुरे. आप्पा काहीच बोलले नाहीत, आणि आमच्याकडं आप्पांचं गप्प बसणं म्हणजे आईला होकार.

त्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे ताई रोज पहाटे गच्चीवर व्यायाम करायची. नळदुर्गात आमचं घर हायवेला लागून आहे. खाली ट्रकांची घरघर, पलीकडं किल्ल्याची काळी कड, आणि बोरी नदीवरून धुकं असं चढत यायचं की गच्ची घरापासून सुटून तरंगतेय असं वाटायचं. मी तिच्या पायात अडकवलेला रबरी पट्टा धरून बसायचे. पाण्याच्या टाकीला मोबाइल टेकवलेला असायचा आणि त्यात बर्फ पडत असायचा.

तो बर्फ कॅनडाचा. आमचा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, तिकडं ट्रक चालवतो. तिकडं संध्याकाळी फुटबॉलचा सामना लागला की तो व्हिडिओ कॉल करून फोन टीव्हीसमोर धरायचा. हा पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू एकानं हातानं फेकायचा आणि रिसीव्हरनं पळत जाऊन तो झेलायचा.

पहिल्याच दिवशी ताई ओरडली, "फाउल! चेंडू हलायच्या आधीच उठला बघ त्यो!"

दादा तिकडून हसला. "अगं खो-खोवाले, हितं कुणी पाठीत खो देत न्हाय. कॅनडात चालतंय हे. चेंडू हलायच्या आधीच रिसीव्हरनं पळत सुटायचं."

"आन् चेंडू दुसऱ्याकडंच गेला तर?"

"जातोच की. धा बारी पळावं, तवा एकदा येतो."

"लई येडी मानसं हायत तुमच्याकडं," ताई म्हणाली, पण पाय ताणायचं विसरून बघत राहिली.

दादाच्या शहराच्या संघात एक दाढीवाला रिसीव्हर होता, वयानं उतरणीला लागलेला. आम्ही त्याला 'आपला माणूस' म्हणायचो. गव्हाच्या शेतकऱ्याचा मुलगा. कॉलेजातून त्याला कुणी निवडलं नव्हतं, पुढं दोन संघांनी काढून टाकलं. मोसम संपला की तो लाकडाच्या वखारीत कामाला जायचा. नाव झालं आणि गुडघा गेला. तेच लिगामेंट. वर्षभरानं तो परत आला. हे दादाकडून कळल्यापासून ताई चेंडू बघेना, त्याचा पाय बघायला लागली. "वळताना वजन बाहीर टाकतोय," असं पुटपुटायची आणि गच्चीवर तसंच वळून बघायची. कधी डोळे मिटले की मला ती दोघं एकाच मैदानावर दिसायची. वरून बर्फ पडतोय, खालची तांबडी माती कोरडीच आहे आणि ताई त्याच्या शेजारून अनवाणी पळतेय.

मोसमातल्या शेवटच्या सामन्यात त्यानं अंग झोकून एक चेंडू छातीशी धरला. नुसता उडालेल्या बर्फाचा पांढरा धूर, आणि त्या धुरातून सावकाश उठणारा माणूस. सामना संपल्यावर तो माइकसमोर काहीतरी बोलला.

"आता थांबतो म्हनतोय," दादानं सांगितलं. "पाय चालतोय आजून, पर मन भरलं म्हनं."

"कुनी थांबिवलं त्याला?" ताईनं विचारलं.

"कुनी न्हाय. त्याचं त्योच."

ताईनं पट्ट्यातला पाय पुन्हा ताणला. धुकं तिच्या केसांवर बारीक थेंबांनी बसत होतं.

त्याच आठवड्यात तुळजापूरकडचं एक स्थळ आलं. मंडळी रविवारी सकाळी बघायला येणार होती. आईनं ताईला बजावलं, "पायाचं काय बोलू नगंस. आन् ग्राउंडचं तर नावच काढू नगंस."

ताई सरळ आप्पांसमोर जाऊन उभी राहिली. आप्पा चळवळीतले. बाईच्या हक्कांवरची त्यांची पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकले.

"आप्पा, रविवारी सकाळी म्या ग्राउंडवर जानार हाय. मंडळींना दुपारी बोलवा. आन् खरं सांगून बोलवा."

"पुन्हा काय झालं तर? तुझ्या भल्याचंच बघतोय आमी."

"थांबायचं तवा म्याच सांगीन. तुमी न्हाय, आईबी न्हाय."

मला राहवलं नाही. "आप्पा, तुमच्या पत्रकात हेच लिवलंय. का ते फकस्त दुसऱ्यांच्या पोरींसाठी हाय?"

"घ्या! आजून छापा!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

आप्पांचा चेहरा उतरला. मग त्यांनी फोन उचलला आणि त्या मंडळींना ऑपरेशनसकट सगळं सांगितलं. मंडळी आली नाहीत. आई कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

रविवारी ताई मैदानात उतरली. पाठीत खो बसताच उठली, धावली, वळताना अडखळली. हाती कुणी लागलं नाही. पुढच्या खेपेलाही नाही. कोवळ्या उन्हात धूळ तरंगत होती आणि त्या धुळीत सगळ्याच मुली पाण्याखाली पळाव्यात तशा संथ, हलक्या दिसत होत्या. आप्पा कडेला हात मागं बांधून उभे होते. डाव संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "थांबायचं का?"

"न्हाय," ताई धापा टाकत म्हणाली.

आप्पांनी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि ते पुन्हा कडेला जाऊन उभे राहिले.

तुमच्या घरात नाहीतर गल्लीत खेळणारी एक तरी मुलगी असेल. येत्या रविवारी तिचा खेळ बघायला जा. ती हरली तरी शेवटपर्यंत थांबा. मग पुढं काय करायचंय ते तिलाच विचारा, आणि ती जे सांगेल ते संध्याकाळी जेवताना घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगा.