अर्धा किल्ला

म्हाताऱ्यांची घरं रिकामी करणं हा माझा धंदा. माणूस केअर होममध्ये गेला की मागचं सामान मी एकगठ्ठा उचलतो, व्हॅनमध्ये भरतो आणि विकतो. वसईहून कॅनडात आलो तेव्हा हातात काही नव्हतं. जे उभं केलं ते घासाघीस करून. समोरचा माणूस जे काही बोलतो ते भाव वाढवण्यासाठीच, हे धरून चालायची सवय त्यातून लागली.

२०१७च्या एप्रिलमध्ये ग्वेल्फमधलं एका जर्मन म्हाताऱ्याचं घर मिळालं. जोडघर होतं, मधली भिंत सामायिक. पलीकडच्या घरात त्याचा थोरला भाऊ राहायचा. तो हिवाळ्याच्या सुरुवातीला वारला आणि ते घर तेव्हापासून बंद होतं. भावाची मुलगी व्हँकूवरला असते. तिने तेही घर रिकामं करायला सांगून किल्ली माझ्याकडे पाठवली होती.

कप गुंडाळायला बायकोही आली होती. म्हाताऱ्याने आम्हाला बेसमेंटमध्ये नेलं. तो जिन्याला बसवलेल्या विजेच्या खुर्चीतून सावकाश उतरला.

खाली किल्ला होता. लाकूड आणि विटांचे कपचे जोडून बनवलेला, कंबरेइतक्या उंचीच्या टेबलावर. भोवती जस्ताच्या पत्र्याचा खंदक, काठोकाठ पाण्याने भरलेला. मधल्या भिंतीला मोठं भगदाड पाडलेलं आणि किल्ला त्यातून आरपार गेलेला. अर्धा इथे, अर्धा भावाच्या बेसमेंटमध्ये.

"मूळ किल्ला जर्मनीत, वेस्टफालियात आहे. आमचे पूर्वज तिथले सुतार," म्हातारा सांगू लागला. "खाली सगळी दलदल. ओकचे खांब चिखलात ठोकून त्यावर विटांच्या भिंती उभ्या केल्या. पुढे दोन भावांत वाटणी झाली. मोठ्या दालनाच्या मधोमध भिंत आली, शेकोटीसुद्धा चिरली. दोन बुरूज, दोन पूल. एका भावाने दुसऱ्याचं तोंड पाहायचं नाही."

"आणि खंदक?"

"तो वाटता येत नाही. खांब पाण्याखाली असेपर्यंतच टिकतात. हवा लागली की कुजतात आणि अख्खा किल्ला बसतो. म्हणून भांडण काहीही असो, पाणी दोघांनी राखायचं. आणि खंदकाच्या आत हत्यार काढायचं नाही."

बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या भावाने तर विहिरीलाच कुंपण घातलं. हे जर्मन परवडले."

माझं डोकं तिथेच फिरलं. आमच्या वाटणीत विहीर थोरल्याकडे गेली, त्या वर्षी माझी केळीची बाग उभी वाळली. ही गोष्ट कोणी काढली की मला दुसरं काही सुचत नाही.

"गोष्ट चांगली आहे," मी म्हाताऱ्याला म्हटलं. "पण माझ्या ओळखीच्या एका बेकरीवाल्याला दुकानाच्या काचेत मांडायला असाच बुरूज हवाय. त्याच्या काचेत अर्धाच मावतो. भिंतीपाशी कापून नेणार. नाहीतर तुमच्या एकाही खुर्चीला हात लावणार नाही."

"दोन्ही अर्धे एकत्र ने. किंवा इथेच सोड."

"सोमवारी होममध्ये जायचंय ना तुम्हाला?"

वॉकरवर घट्ट आवळलेली त्याची बोटं सुटली. "काप मग," तो म्हणाला.

बायको वर गेली. मी आधी खंदक रिकामा करायला नळी लावली आणि पाणी जमिनीतल्या जाळीत सोडलं. बराच वेळ वाहत होतं. पातळी हलली नाही.

"यात पाणी कोण घालतं?"

"भाऊ. पाण्याचं काम त्याच्याकडे होतं. मी कधीच घातलं नाही."

"तो जाऊन चार-पाच महिने झाले."

"हो."

मला खात्री होती, हा मला खेळवतोय. पलीकडे नळ चालू असणार. मी बॅटरी आणि किल्ली घेऊन तिकडच्या घरात गेलो. वीज तोडलेली. बेसमेंटच्या जमिनीवर धुळीचा सलग थर होता, त्यावर फक्त माझीच पावलं उमटत होती. नळ बंद, त्याखालचं बेसिन कोरडं. झारी कोपऱ्यात पडलेली, तिच्या तोटीत कोळ्याचं जाळं. आणि किल्ल्याच्या या अर्ध्याभोवतीही खंदक काठोकाठ भरलेला.

तेवढ्यात पाणी हललं. कुणी बोट बुडवावं तसं एक वर्तुळ उठलं, माझ्याच बाजूला, आणि सरकत भिंतीखालून पलीकडे गेलं.

"पाण्याला हात लावू नकोस," मी बायकोला ओरडलो.

बायकोचा आवाज खूप वरून आला. "मी किचनमध्ये आहे. काय झालं?"

मग भगदाडातून म्हातारा बोलला, अगदी हळू, जर्मनमध्ये. मला नाही. माझ्या खांद्यामागे बघावं तसं बघून.

मी परत आलो तेव्हा नळीतून पाणी अजून वाहत होतं. मी ती काढली. करवत उचलली, पात्यावरून अंगठा फिरवला.

"बोथट आहे," मी म्हटलं.

"नवीन दिसतेय," म्हातारा म्हणाला.

"मला माझ्या करवती कळतात."

तो हसला नाही, फक्त मान हलवली. संध्याकाळपर्यंत आम्ही वरच्या मजल्यावरचं सगळं सामान व्हॅनमध्ये भरलं. खालचं काही घेतलं नाही, आणि पलीकडच्या घराची किल्ली मी व्हँकूवरला परत पाठवून दिली. बेकरीवाल्याला सांगितलं, नग अखंड आहे, अर्धा मिळणार नाही. तो भाव वाढवत राहिला. मी नाही म्हणत राहिलो. त्याला वाटलं मी ताणून धरतोय.