अप्पांचं सिंबल आणि मोनो वायर

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, बेंगळुरूच्या एका फॅक्टरीत सर्किट बोर्ड तपासायचं काम करत होते. तेव्हा खाली "ताई, लूज कनेक्शन असेल" असं लिहू नका. ते सगळं बघून झालंय... आणि हे लिहिताना आजही मला भीती वाटत नाही, राग येतो.

गोष्ट नव्वदीच्या शेवटची. आम्ही चामराजपेटचे, पिढ्यानपिढ्या इथेच राहिलेले मराठी. माझे वडील, अप्पा, लग्नांत आणि उत्सवांत वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात ड्रमर होते. त्यांचा 'कॅच' प्रसिद्ध होता. म्हणजे सिंबलवर, ड्रमशेजारच्या स्टँडवरल्या पितळी थाळीवर, काठी मारायची आणि आवाज घुमत असतानाच दुसऱ्या हाताने कड धरून तो तोडायचा. छन्न — आणि एकदम शांत. लोक शिट्ट्या मारायचे.

गल्लीतल्या पोरांना अप्पांनी ड्रम शिकवला. मला नाही. मी सिंबल वाजवलं की ते यायचे आणि कड धरायचे. ओरडणं नाही, मारणं नाही. अंगठा वर, बोटं खाली, आणि माझ्याकडे बघत उभे. मी त्यांचं बघून बघून, उशीवर काठ्या आपटून शिकले.

अप्पा गेले, आणि काही महिन्यांनी मी ऑर्केस्ट्राचे मालक नागोजीअण्णा यांच्याकडे ड्रमरची जागा मागितली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाले, "सरी, चालेल. गणपतीचा एक प्रोग्राम वाजव. जमलं तर जागा तुझी. नाही जमलं तर परत विचारायचं नाही." मला ती जागा हवीच होती. अप्पांची होती म्हणून नाही, मला वाजवता येत होतं म्हणून.

माझ्याकडे सेकंडहँड इलेक्ट्रॉनिक ड्रम होता. माहीत नसलेल्यांसाठी सांगते — यात पॅडवर मारलं की आतला सेन्सर वायरीतून सिग्नल पाठवतो आणि आवाज निघतो तो मॉड्यूल नावाच्या डब्यातून. कुठलंही पॅड कुठल्याही मॉड्यूलला चालत नाही. माझी रबरी पॅडं जुळली, सिंबल काही जुळेना. दुकानातून बघायला आणलेल्या इंपोर्टेड सिंबलला स्टीरिओ वायर लागायची. त्यातली एक तार 'मारलं' सांगणार, दुसरी 'धरलं' सांगणार. माझं मॉड्यूल जुनं, सगळे इनपुट मोनो, म्हणजे एकाच तारेचे. कडेवर मारलं तर आवाजच नाही.

शेवटी आई म्हणाली की अप्पांचं सिंबल पडून आहे, तेच घे. मला नको होतं, पण प्रोग्राम तोंडावर आला होता. त्या पितळी थाळीवर मी रबर चिकटवलं, खाली सेन्सर बसवला, मोनो वायर जोडली. घरी झकास वाजलं. मुद्दाम कड धरूनही पाहिली, तरी मॉड्यूलमधला आवाज शेवटपर्यंत घुमत राहिला. राहणारच. मोनो वायरीतून फक्त 'मारलं' एवढंच जातं. 'धरलं' जाऊच शकत नाही. हे नीट लक्षात ठेवा.

मंडप आमच्याच मागच्या रस्त्यावर. संध्याकाळी आरती झाली आणि आम्ही सुरू केलं. पहिल्या गाण्याचा मुखडा संपला, मी सिंबल मारलं.

छन्न — आणि शांत.

मला वाटलं, मॉड्यूलने खाल्ला आवाज. परत मारलं. परत तेच. मग मी सिंबलकडे पाहिलं. मार बसल्यावर सिंबल स्टँडवर डोलतं. हे डोलत नव्हतं. मी मारत होते आणि ते जागच्या जागी घट्ट उभं होतं.

आणि लोक शिट्ट्या मारत होते.

मध्यंतरात वायर बदलली, इनपुट बदलला, सेटिंग तपासलं. दुसऱ्या भागातही तसंच. मी दातओठ खाऊन मारत होते. गाण्याच्या गोंगाटात म्हणालेसुद्धा, "अप्पा, सोडा." नाही सोडलं. शेवटच्या गाण्याआधी मी ते सिंबल सरळ काढून खाली ठेवलं आणि त्याची वायर एका जादा रबरी पॅडला लावली. आता तोच आवाज शेवटपर्यंत घुमला. शिट्टी मात्र एकही आली नाही.

प्रोग्राम संपल्यावर नागोजीअण्णा खुशीत आले. "अप्पांचा हात उतरलाय तुझ्यात. ते सिंबल परत लाव, जागा तुझी." मी म्हटलं, तो कॅच मी केलेला नाही. ते हसले. मग मी सिंबल पुन्हा स्टँडवर चढवलं आणि आमच्या कीबोर्डवाल्या पोराला, मंजूला, मारायला सांगितलं. आवाज पूर्ण घुमला. "स्वल्प जोरात," अण्णा म्हणाले. पूर्ण घुमला, सिंबल छान डोललं. मग काठी मी घेतली.

छन्न — आणि शांत. आता कोणी हसलं नाही.

अण्णांनी सिंबलला हात जोडले. म्हणाले, आशीर्वाद आहे त्यांचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सांगितलं, रबरी पॅडवर चालणार असेल तर उद्यापासून येते, हे सिंबल येणार नाही. अण्णांनी जोडलेले हात खाली घेतले.

"कॅच नसेल तर तुला कशाला घेऊ?"

मी सामान आवरलं. पुढे राजाजीनगरच्या एका ऑर्केस्ट्रात बरीच वर्षं वाजवलं, तेच मॉड्यूल, त्याच वायरी. एकदाही आवाज तुटला नाही. मंजू अजून भेटला की विचारतो, काय होतं गं ते? मला खरंच माहीत नाही. स्पष्टीकरण तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

फक्त खाली "वडिलांचा आशीर्वाद" असं कोणी लिहू नका. आशीर्वादाचा हात डोक्यावर येतो. हा सिंबलच्या कडेवर आला होता — अंगठा वर, बोटं खाली.