निघणाऱ्याला विचारू नये

आमच्याकडे घराबाहेर पडणाऱ्याला 'कुठे चाललास' असं विचारत नाहीत. विचारलं की काम मोडतं. निघणाराही 'जातो' म्हणत नाही, 'येतंय' म्हणतो. चुकून कुणी विचारलंच, तर तो चरफडत परत ओटीवर येऊन बसतो, घोटभर पाणी पितो आणि नव्याने निघतो. शेजारचे गंगारामकाका याच शिस्तीत वाढले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले तरी त्यांची ही शिस्त सुटली नव्हती.

म्हणून बॅग घेऊन ते नांदगाव स्टेशनला निघाले, तेव्हा सावित्रीकाकीने काही विचारलं नाही. दुबईच्या कंपनीत सिक्युरिटीचं काम आहे, एवढं त्यांनी जेवताना सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. कंपनी दुबईचीच होती, पण काम अफगाणिस्तानात होतं. काकी विचारणार नाही, याच भरवशावर काका गेले.

उत्तरेकडच्या एका शहराबाहेर कंपनीचं मोठं गोदाम होतं. पीठ, डिझेल, सिमेंट तिथून पुढे जायचं. राखणीला परदेशी सैनिक होते, आणि थंडीआधी ते परत जाणार होते. त्यांच्या जागी तिथल्याच गावातली माणसं उभी राहायची होती. त्या माणसांना तयार करणं हे काकांचं काम. परदेशी सैनिक गेल्यावर एक चुकीची गाडी आत शिरली, तर ही माणसं जिवंत राहणार नाहीत, हे काकांना पहिल्याच आठवड्यात दिसलं. ते त्या माणसांना दिसावं म्हणून पुढचे सगळे महिने त्यांनी डोकं फोडून घेतलं.

भाषेची अडचण नव्हती. पुष्कळजणांना सिनेमांमुळे हिंदी कळायचं. त्यांचा म्होरक्या करीमदाद, चार मुलांचा बाप, पेशावरला गवंडीकाम करून आलेला. सांगितलेलं सगळं त्यांना समजत होतं. काकांचा संताप त्यामुळेच वाढायचा.

घरी फोन लागला की तो सगळा काकीच्या कानात ओतला जायचा.

"काय सांगू तुका. सकाळी लायनीत उभे करूचे, तर अर्धे गायब. इचारलंय तर म्हणतत, गहू कापूक गेले."

"गहू?"

"मगे. बंदुको भिंतीक टेकून ठेवल्यानी आणि इळे घेवन गेले."

काकी म्हणाली, "दुबईत गहू खंय पिकता ओ?"

काका गव्हाचा विषय सोडून पुन्हा लायनीचंच सांगू लागले.

"जेवलास मां?" काकीने विचारलं, आणि फोन ठेवला. पुढचे कित्येक दिवस तिने तो उचलला नाही. शेवटी उचलला तेव्हा एवढंच म्हणाली, "बातम्यांत बघलंय. आता खरा काय ता सांगीत चला."

मग काकांनी खरं सांगायला सुरुवात केली, आणि त्यात सगळ्यात मोठं दुखणं होतं गोदामाचं फाटक. कोणीही आलं तरी थांबवायचं, उतरवायचं, कुठून आलात, कुठे चाललात ते विचारायचं, गाडी खालून-वरून बघायची. ही माणसं अनोळखी गाडी थांबवायची, पण ओळखीची गाडी दिसली की आडवा बांबू आपोआप वर. समोर कुणाचा तरी मामा असायचा, नाहीतर सासरा, नाहीतर मशिदीतले वडीलधारे. काकांनी एकदा स्वतः मागच्या सीटवर चादर पांघरून बसून, करीमदादच्या चुलत्याच्या गाडीतून सरळ गोदामाच्या मध्यापर्यंत प्रवेश केला. उतरून ते एवढे ओरडले की त्यांचा आवाज बसला. करीमदादने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"उस्ताद, ते माझ्या बापाच्या जागी आहेत. बापाला कुठे चाललात म्हणून विचारू? तुमच्या गावात विचारतात?"

"विचारतात," काका म्हणाले. एवढं धडधडीत खोटं आपण आयुष्यात बोललो नव्हतो, असं त्यांनी त्या रात्री काकीला सांगितलं.

काकी हसली. "बरो गावलास. आपण तरी इचारतंव?"

"तू हसा नको गो. हे मरतले हयसर."

"इचारूचा नाय म्हणान आपण गप रवतंव काय? चाय घेवन जावा म्हणतंव. माणूस बसता, आणि आपसूक सगळा सांगता."

"ही काय आपली ओटी आसा?"

"मगे ओरडत रवा."

दोन दिवस काका ओरडत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी फाटकाबाहेर, बरंच अलीकडे एक ताडपत्री बांधली, सतरंजी घातली आणि किटली ठेवली. नियम एकच: चहा घेतल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही. पाहुण्याला चहा न देता पाठवायचं, हे त्या माणसांच्या रक्तात नव्हतंच. मामा उतरले, सासरे उतरले, वडीलधारे सतरंजीवर मांडी घालून बसले. कुठून आले, पुढे कुठे जायचंय, सगळं न विचारता सांगू लागले. तोवर दोघंजण रिकामी गाडी खालून-वरून बघून घ्यायचे.

कंपनीचा साहेब भडकला. हे फाटक आहे की हॉटेल, असं त्याने विचारलं. काका म्हणाले, "साहेब, आज बांबू एकदाही आपोआप वर गेला नाही. तुमच्या नियमांच्या पुस्तकाने हे जमलं असतं तर मी किटली कशाला मागवली असती?"

थंडीच्या तोंडावर एका संध्याकाळी करीमदादच्या त्याच चुलत्याची गाडी आली. चुलते नेहमीच्या जागी बसलेले, गाडी चालवणारा नवा. चहाला या म्हटलं, तर कुणी उतरेना. चुलते काचेतून नुसतं बघत राहिले. घाई आहे, चालवणारा म्हणाला. चुलत्यांनी चहा नाकारल्याचं करीमदादने जन्मात पाहिलं नव्हतं. बांबू खालीच राहिला. बंदुका वर झाल्या, चुलत्यांना दार उघडून ओढून घेतलं, आणि गाडी वळून सुसाट निघून गेली. तिच्यात काय होतं ते कधीच कळलं नाही. चालवणारा वाटेत बंदूक दाखवून गाडीत शिरला, एवढंच चुलत्यांना सांगता आलं.

परदेशी सैनिक गेले, आणि पाठोपाठ कंपनीने काकांनाही परत बोलावलं. निघायच्या सकाळी त्यांनी सगळ्यांच्या गळाभेटी घेतल्या, गाडीत बसले. फाटकाशी गाडी थांबली. बांबू खाली होता. करीमदाद खिडकीशी आला. चेहऱ्यावर ओळखीची रेषसुद्धा नव्हती.

"उतरा. कुठे चाललात?"

"अरे, निघणाऱ्याला विचारतोस?" काका खेकसले. चहाची किटली समोरच ताडपत्रीखाली होती. या गाढवाला आजच सरळ विचारायचं सुचलं.

"कुठे चाललात?"

विमान चुकायची वेळ आली होती. तरी काका उतरले, ताडपत्रीखाली जाऊन बसले, घोटभर पाणी प्याले. मग उठून म्हणाले, "घरी."

गाडी खालून-वरून नीट बघून झाल्यावर बांबू वर गेला.

पुढे त्या देशात काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. करीमदादचा फोन लागतो, वाजत राहतो. काका अजून लावतात. "इतक्या शिकवलंय," ते फोनकडे बघून कुरकुरतात, "फोन उचलूक तेवढा शिकवलंय नाय."

काकीने मात्र आमच्या वाडीची रीत मोडली आहे. काका पिशवी घेऊन पायरी उतरले की ती आतून विचारते, "खंय चललास?" काका चरफडतात, परत येऊन ओटीवर बसतात, पाणी पितात आणि खरं काय ते सांगतात.