मंडईत न फिरलेला पाहुणा

ती घटना विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही. नोकरीत मी खून पाहिले, जळालेल्या सुना पाहिल्या, रुळांवर पडलेली माणसं उचलली. पण निवडणूक आली आणि भोंगा लावलेली गाडी दारावरून गेली की मला एक हमालच आठवतो. कुणाचं नाव लिहीत नाही. या प्रकरणातला सगळा घोळच नावाचा होता.

मी सातवी शिकलेली. त्या काळी तेवढ्यावर पोलिसात भरती होत असे. शिपाई म्हणून लागले, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. हे प्रकरण नोकरीच्या शेवटच्या वर्षांतलं, गोंदिया शहरातल्या ठाण्यातलं.

आमचे आमदार तेव्हा तिसऱ्यांदा उभे होते. ते कुणीच नव्हते तेव्हापासून मी त्यांना ओळखत होते. कॉलेजात असताना धानाच्या भावासाठी रस्ता अडवायचे आणि ठाण्यात आणलं की हक्काने चहा मागायचे. पुढे नगरसेवक झाले, आमदार झाले, दुसऱ्यांदा निवडून आले. पहिल्या निवडणुकीत मोटारसायकलवर फिरले, दुसरीत गाडीतून उतरून हात जोडले. तिसऱ्या वेळेपर्यंत गाडीची काच खाली करून हात दाखवायची सवय लागली होती. लोक असल्या गोष्टी बोलत नाहीत, पण विसरतही नाहीत. त्या वर्षी निकाल थोडक्या मतांवर जाणार, हे पानठेल्यावरचा माणूसही सांगत होता.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी आणखी एक अपक्ष अर्ज आला. नाव आणि आडनाव आमदारांचंच. माणूस शहरालगतच्या कुडव्याचा, राईस मिलमध्ये पोती उचलणारा हमाल. मशीनवर एकाच नावाचे दोघे आले की घाईत काही मतं चुकीच्या बटणावर जातात. त्याला उभा करणारा होता विरोधी उमेदवाराचा खास माणूस, एक कंत्राटदार. हे सगळ्या शहराला माहीत होतं आणि त्यात कायद्याने गुन्हा काहीच नव्हता.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हमालाची बायको ठाण्यात आली. ठाणे अंमलदाराने विचारलं, काय काम आहे?

"माहा माणूस पाह्यजे," ती म्हणाली.

"केव्हापासून नाही?"

"फारम भरला तवापासून. नेला तर गाडीत बसवून नेला. आणून नाही देऊन राहिले."

"कुणी नेला?"

"ते मले माहीत असतं तर तुमच्याकडं कायले आली असती जी?"

मिसिंग, म्हणजे माणूस हरवल्याची नोंद, दाखल केली. अर्ज मागे घ्यायची मुदत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत होती. हमाल लपवला असेल तर त्यासाठीच, म्हणजे आमदारांच्या माणसांनी त्याला गाठून अर्ज मागे घ्यायला लावू नये म्हणून. पण दुसरीही शक्यता होती. आमदारांच्याच पोरांनी त्याला गाठलं असेल आणि हात जास्त चालला असेल. आमदारांचाही फोन आला. "ताई, त्याला काही झालं तर आळ माझ्यावर येईल. काहीही करा, पण शोधा." आवाज घाबरलेला होता. मात्र त्यात हमालाची काळजी किती आणि स्वतःची किती, ते मला सांगता येणार नाही.

त्याच दुपारी रेल्वे पोलिसांचा निरोप आला. रुळाशेजारी एका पुरुषाचं प्रेत सापडलं होतं. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. मी बायकोला घेऊन गेले. ती प्रेताजवळ सरळ चालत गेली आणि म्हणाली, "पालथा करा."

शिपायाने पालथा केला. तिने वाकून मान पाहिली.

"हा नाही. माह्या माणसाच्या मानेवर पोत्यांचे बोरे उचलून गठ्ठा आलाय. ह्याची मान आफिसातल्या बाबूची आहे."

मग तिथेच गिट्टीवर बसली आणि पाणी मागितलं. ग्लास तोंडाशी नेण्याआधी म्हणाली, "ह्याचीही बायको कुठी वाट पाहून राहिली असन." मी तिच्याशेजारी बसले. तोपर्यंत माझ्यासाठी हे निवडणुकीतलं एक भानगडीचं प्रकरण होतं. त्यानंतर ते तसं राहिलं नाही.

भाऊबीजेच्या दिवशी कंत्राटदाराला चौकशीसाठी बोलावलं. पांढरे बूट, हातात दोन फोन. आमचे ठाणेदार साहेब साताऱ्याकडचे, माणूस सरळ. ते म्हणाले, "बाई, तुम्हीच बोला याच्याशी."

मी चौकशीत कधी हात उचलला नाही. दया म्हणून नव्हे. मारलेला माणूस मार थांबावा म्हणून बोलतो, आणि ते खरंच असतं असं नाही. त्यापेक्षा माणसाला स्वतःच्या हुशारीबद्दल बोलू द्यावं. मी चहा मागवला.

"मॅडम, मेरे को क्या मालूम? त्याले खडा व्हायचं होतं, तो खडा झाला. लोकशाही आहे."

"आहे ना. पण त्याची बायको रडून राहिली."

"बायका रडतेच."

"जिवंत तरी आहे ना?"

त्यावर तो दचकला. मारण्याचा विचार त्याच्या डोक्यात नव्हता, हे मला तेव्हाच कळलं. म्हणाला, "काय बोलता मॅडम! माणूस खाऊन पिऊन मजेत असन. मंडईचे दिवस आहेत. घर घर पाहुणा. एक पाहुणा कुठी बसला, कोण पाहून राहिला?"

आणि हसला. माणूस खोटं बोलताना घामाघूम होतो असं लोक म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. आपली युक्ती आवडलेला माणूस ती सांगताना हसतो.

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळीनंतर गावोगाव जत्रा भरते, तिला मंडई म्हणतात. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. लेकी-जावई, साळे-मेव्हणे, सगळे पाहुणे येतात, दिवसा दंडार, म्हणजे ढोलकीवरचा नाच, बघतात, रात्री नाटक. त्या दिवसांत गावात परका माणूस दिसला तर कुणी विचारत नाही, कुणाचा तरी पाहुणा असेल म्हणून सोडून देतात. माणूस लपवायला याहून चांगले दिवस नाहीत.

आम्ही आधीच गावोगावच्या पोलीस पाटलांना फोन करून विचारलं होतं, "गावात कुणी अनोळखी माणूस आहे का?" सगळ्यांचं उत्तर एकच, "बाई, सारं गावच अनोळखी माणसांनी भरलं आहे." कंत्राटदार गेल्यावर मी बसून विचार केला. प्रश्नच चुकत होता. मंडईत परका असणं नवल नाही. मंडईला येऊन घरात बसून राहणं, हे नवल. आमच्याकडे पाय मोडलेला पाहुणासुद्धा खाटेवर बसवून दंडारीपुढे नेतात.

ज्या गावांची मंडई झाली होती किंवा चालू होती, तिथे पुन्हा फोन लावले. आता विचारलं, "मंडईत न फिरलेला पाहुणा कुणाच्या घरी आहे?"

संध्याकाळी दरेकसा भागातल्या एका गावातून पोलीस पाटलाच्या बायकोचा फोन आला. नवऱ्याला विचारलं होतं, पण उत्तर तिच्याकडे होतं.

"बाई, आमची मंडई आज आणि उद्या. टोकाच्या घरी एक पाहुणा आहे. पांढरा कुडता घातला आहे अन् परसातून पुढं येऊन नाही राहिला. दोघं जण दारात पत्ते खेळून राहिले. नळावर बाया म्हणते, असा कसा पाहुणा? जावई असन तर रुसला असन, पण त्या घरी तर पोरगीच नाही."

तो जंगलाचा, नक्षलवाद्यांच्या वावराचा भाग. निवडणुकीच्या दिवसांत तिकडे पोलिसांनी जायचं तर वरून परवानगी घ्यावी लागते. साहेबांनी ती मिळवली आणि सकाळी मी, एक शिपाई आणि चालक साध्या कपड्यांत खासगी जीपने निघालो. आमगावच्या पुढे फाटकावर थांबलो तेव्हा मागे एक पांढरी गाडी दिसली. फाटक उघडलं, आम्ही मुद्दाम थांबलो. तीही थांबली. ठाण्यातून कुणीतरी आमदारांच्या माणसांना कळवलं होतं. आम्ही हमाल शोधून देणार आणि ते त्याला आमच्या हातून घेऊन तीनच्या आत कार्यालयात उभा करणार, असा तो हिशोब होता.

गावात पोचलो तेव्हा ढोलकीचा आवाज भरून राहिला होता. पाटलीणबाईने लांबूनच हनुवटीने घर दाखवलं. मी आणि शिपाई परसातून शिरलो. पत्तेवाल्यांना ओळखपत्र दाखवलं तर एकाने कुंपणावरून उडी मारली, दुसरा हातातले पत्ते धरूनच उभा राहिला.

हमाल आत खाटेवर बसला होता. नवा कुडता मानेवर अडला होता, मानेवरच्या त्या गठ्ठ्यावर.

"कोण?" त्याने विचारलं.

"पोलीस. तुझी बायको ठाण्यात आहे."

"रडून राहिली का?"

"नाही. शिव्या देऊन राहिली."

"मंग बरी आहे," म्हणाला आणि उठला.

पण दारापर्यंत येऊन थांबला. पांढरी गाडी वेशीजवळ उभी होती. तिच्यातले चौघे उतरून आमच्याकडेच येत होते. पुढचा म्हणाला, "ताई, इथून आमच्या स्वाधीन करा. आमदार साहेबांचा निरोप आहे. सांभाळून पोचवतो."

"माणूस माझ्या ताब्यात आहे," मी म्हटलं. "गाडीत बसवून आणते. तुम्ही मागून या."

चालकाला बाजूला घेऊन सांगितलं. त्याने जीप घराच्या मागे लावली, पडदे सोडले, शिपाई पत्तेवाल्याला घेऊन आत बसला आणि जीप जोरात निघाली. पांढरी गाडी तिच्यामागे गेली. मी हमालाच्या अंगातला कुडता काढून घेतला, पाटलीणबाईकडून एक जुना सदरा मागितला आणि त्याला घेऊन सरळ मंडईत शिरले. भजी, फुगे, पाळणा, पाहुण्यांची रेटारेटी. त्या गर्दीत आम्ही दोघं म्हणजे माहेरी आलेली बहीण आणि तिचा भाऊ. कुणी वळूनही पाहिलं नाही. पलीकडच्या पायवाटेने दरेकसा स्टेशन गाठलं आणि साहेबांना फोन केला. प्लॅटफॉर्मवर परतणारे पाहुणे बसले होते. पॅसेंजर येईपर्यंत रस्त्याकडे बघून माझे डोळे दुखले.

गाडी सुटल्यावर तो पहिल्यांदा नीट बोलला.

"बाई, तुम्ही मले कुठी घेऊन चालल्या? आफिसात?"

"ठाण्यात. जबाब घेते, मग बायकोकडे देते. पुढचं तुझं तू."

"मागं घेतलं तर कंत्राटदार मारन. नाही घेतलं तर आमदाराचे पोट्टे मारन."

मी सल्ला दिला नाही. बोलण्यासारखं होतं. कुठल्याही बाजूने बोलले असते तर मीही त्याला ओढणाऱ्यांतलीच झाले असते.

गोंदियाच्या प्लॅटफॉर्मवर साहेब आणि हमालाची बायको उभे होते. तीन वाजायला वेळ होता. साहेब हळूच म्हणाले, "बाई, वरून फोन येतायत. म्हणतात, सरळ निवडणूक कार्यालयात घेऊन या."

"साहेब, मिसिंग आपल्याकडे दाखल आहे. अर्ज आपल्याकडे दाखल नाही."

साहेबांनी फोन बंद करून खिशात टाकला. मग म्हणाले, "बरोबर. जबाब घ्या."

ठाण्यात दार लावून घेतलं. आत साहेब, मी, हमाल आणि त्याची बायको. साहेबांनी विचारलं, "तुला आता कुठे जायचं आहे? कार्यालयात जायचं असेल तर आम्ही संरक्षण देतो. घरी जायचं असेल तरी देतो."

तो उठून खिडकीशी गेला. बाहेर आमदारांची माणसं जमली होती, कंत्राटदाराचीही. दोन्हीकडचा आवाज आत येत होता.

"मार दोन्हीकडं आहे साहेब," तो म्हणाला. "मंग माह्या मनानं काऊन नको? दोघंही मले पहिल्यांदा भेऊन राहिले. राहू द्या नाव."

बायको ताडकन म्हणाली, "उभा राहाचा आहे तर राहा. पण घरी राहून उभा राहा!"

तीन वाजले. तो घरी गेला. निकालापर्यंत त्याच्या दाराशी दोन शिपाई ठेवले. उमेदवाराला ते मिळतं. साध्या हमालाला मिळालं नसतं. त्याने तोही हिशोब केला होता का, ते मला माहीत नाही.

आमदार पडले. जितक्या मतांनी पडले त्याहून जास्त मतं हमालाला मिळाली होती. महिन्याभरात माझी बदली नियंत्रण कक्षात झाली. कंत्राटदारावर अपहरणाचा खटला उभा राहिला तेव्हा हमालाने कोर्टात सांगितलं की तो मंडईला पाहुणा म्हणून गेला होता. मला राग आला नाही. त्याला त्याच मिलमध्ये पोती उचलायची होती आणि कोर्ट त्याच्या दाराशी शिपाई बसवणार नव्हतं.

आमदार एका लग्नात भेटले. म्हणाले, "ताई, तुम्ही मला पाडलं."

"मी माणूस आणला, साहेब. पाडलं मतदारांनी."

पुढच्या निवडणुकीत ते पुन्हा मोटारसायकलवर फिरले आणि निवडून आले. त्या वेळी अर्ज भरायच्या आधीच त्यांनी आपल्या नावाच्या सगळ्या माणसांना बसमध्ये घालून तीर्थयात्रेला धाडलं होतं. हे त्यांनी स्वतःच मला हसत सांगितलं.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. हरवलेला माणूस शोधताना तो कुणाला कशासाठी हवा आहे, ते आधी पाहावं. त्या हमालाला सगळेच शोधत होते. बाकीच्यांना त्याचं नाव हवं होतं, तो हवा होता एकीलाच. पोलिसाने त्या एकीचं काम करावं. मग बदली झाली तरी झोप लागते.

त्या वर्षी मतदानाच्या दिवशी माझा बंदोबस्त कुडव्याच्या केंद्रावर होता. हमालाची बायको मत देऊन बाहेर आली. मी विचारलं नव्हतं, तिनेच जवळ येऊन हळूच सांगितलं.

"त्याले नाही देलं मत. निवडून आला, तर मुंबईले नेतीन ना जी."